आधीच्या मालकानं काय काय लावलंय?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजातून उत्तरं

दसरा झाला की सेकंडहँड टूरिंग गाड्यांची पत्रं वाढतात. पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली गाडी कुणीतरी विकलेली असते, कुणीतरी हौसेनं घेतलेली असते आणि दिवाळीच्या सुट्टीत हंपी नाहीतर गोकर्ण गाठायचं ठरलेलं असतं. या वेळी सहा पत्रं घेतली आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीतून आलेला भाग नडलेला नाही, नंतर हौसेनं बसवलेला भाग नडलाय. कराडला आमच्याकडे रोज येणाऱ्या गाड्यांची कथाही हीच असते, त्यामुळे पत्रं वाचून नवल वाटलं नाही.

2015 ची थंडरबर्ड 350 सेकंडहँड घेतली. फॉग लॅम्प, मोबाईल चार्जर, लेग गार्ड सगळं लावलेलं मिळालं. रोज चालवली तर गाडी ठणठणीत. आठवडाभर उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. फिटर म्हणतो मॅग्नेट कॉइल गेली, साइड खोलावी लागेल. खोलू का? — स. दे., बार्शी

नका खोलू. रोज चालवली तर ठणठणीत, असं तुम्हीच लिहिलंय. मॅग्नेट कॉइल चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करते. ती गेली असती तर चालवताना बॅटरी उतरली असती. तुमची उभ्या उभ्या उतरते. म्हणजे चावी काढल्यावरही गाडीत कुणीतरी करंट खात बसलंय.

तरी चार्जिंगची शंका आधी मिटवून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावा. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12 दाखवली तर ती जवळपास रिकामी आहे. मग गाडी चालू करून रेस जरा वर धरा. 13.8 ते 14.5 च्या मध्ये आकडा आला की कॉइल आणि आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) दोन्ही कामाची आहेत, साइड खोलायचा विषय संपला. आकडा वर चढलाच नाही तर फिटर बरोबर. 15 च्या वर गेला तर आरआर युनिट बिघडलंय आणि ते तुमची नवी बॅटरीही उकळून मारणार.

आता चोर शोधायचा. चावी बंद. बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्हची वायर सोडवा. मीटर 10 अँपिअरच्या खुणेवर ठेवा, लाल वायर त्याच्या 10 अँपिअरच्या भोकात घाला, आणि एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सोडवलेल्या वायरीला लावा. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत चुकूनही चावी फिरवून सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडेल. काही न लावलेल्या गाडीत इथे शून्य नाहीतर अगदी किरकोळ आकडा दिसायला हवा. तुमच्याकडे 0.06 दिसला असं धरू, म्हणजे 60 मिलिअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे 24 तास, असे आठ दिवस, म्हणजे साडेअकरा अँपिअर-अवर गेले. 14 अँपिअर-अवरच्या बॅटरीत सेल्फ फिरवायला मग काय उरणार?

मीटर तसाच लावून ठेवा आणि एकेक वस्तू सोडवत जा. आकडा धपकन पडला की त्या वस्तूशी थांबा. माझा पहिला संशय चार्जरवर. त्यातला तो निळा दिवा चावी काढल्यावरही पेटलेला दिसत असेल, तर चार्जर थेट बॅटरीवर जोडलाय. दुसरा संशय अशा गोष्टीवर जी तुम्हाला माहीतच नसेल. मध्यंतरी अशीच एक गाडी आली होती. सीट उचलली तर टूलबॉक्सच्या मागे काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली काडेपेटीएवढी डबी. जीपीएस ट्रॅकर! जुन्या मालकानं बसवला आणि विकताना काढायचा विसरला. आत त्याचंच सिमकार्ड. बॅटरी खायची ती खाल्लीच, वर नवा मालक कुठे जातोय ते जुन्याच्या मोबाईलवर दिसत होतं. तेव्हा सेकंडहँड गाडी घरी आली की सीटखालचा वायरींचा गुंता एकदा हातानं उलगडून बघाच.

उलगडताना जोड बघा. जिथे दोन वायरी पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेली आहे तिथली पट्टी सोडा. उन्हानं गोंद वितळून पट्टी सरकलेली असते, आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं असतं आणि वायर जरा वाकवली की दोन-चार धागे हातात येतात. असा जोड तापतो. कापून टाका, नवं तांबं उघडं करा, डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, आणि त्यावर हीट स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवा.

फॉग लॅम्पचं कनेक्शन तर नव्यानंच करून घ्या. लॅम्पचा सगळा करंट हँडलवरच्या बटणातून न्यायचा नसतो, तिथे रिले लागतो, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेला 30 आकड्याच्या पिनवर फ्यूज घालून बॅटरीची वायर येते, 87 वरून लॅम्पला जाते. 85 आणि 86 या कॉइलच्या पिना: एक अर्थिंगला, दुसरी बटणातून अशा वायरीला जी चावी फिरवल्यावरच जिवंत होते. 40 वॅटचे दोन लॅम्प म्हणजे 80 भागिले 12, पावणेसात अँपिअर. फ्यूज 10 चा. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत तिथे 30 चा फ्यूज सापडतो, कधी तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. वायर जळेल पण फ्यूज उडायचा नाही, अशी व्यवस्था.

आणि एवढं सगळं निस्तरूनही सेल्फ जड वाटला तर अर्थिंग बघा. मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंगच्या बोल्टखाली गंज नाहीतर रंग आहे. घासपेपर मारा, परत आवळा.

क्लासिक 350, कार्ब्युरेटरवाली. नाशिकहून निघालं की इगतपुरीच्या आसपास झटके देत बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की चालू होते, परत तेवढंच अंतर. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, प्लग नवा. गंमत म्हणजे टंकी फुल केली की लवकर बंद पडते. — अ. कु., नाशिक

ती गंमत तुम्ही लिहिलीत म्हणून काम सोपं झालं. टंकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. झाकणातलं भोक बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टंकी भरलेली असली की वर हवा थोडीच असते, म्हणून पोकळी लवकर तयार होते. अर्धी असेल तर उशिरा.

तुमच्या टंकीवर रेक्झिनचं कव्हर आहे का? आणि वर चुंबकाची टँक बॅग? पत्रात नाही, पण लांबच्या प्रवासाच्या क्लासिकवर बहुधा दोन्ही असतं. कव्हर झाकणाभोवती घट्ट बसलं आणि वरून बॅग दाबली की भोकाला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच उतरा आणि झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी तिथल्या तिथे चालू झाली, तर दोष सापडला. इंजिन तापलेलं असतं, तेव्हा आसपास कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला आधी लांब पाठवा. झाकण काढून नेऊन हवा मारून घ्या. भोकात सुई-तार खुपसू नका, काही झाकणांच्या आत छोटा व्हॉल्व्ह असतो, तो फाटतो.

फुस्स आलंच नाही तर गोष्ट वेगळी. टूलकिटमध्ये एक जादा प्लग ठेवा, बंद पडल्या क्षणी तो कॅपमध्ये घालून त्याचा धातू इंजिनला टेकवा आणि किक मारा. हे करताना टंकीचं झाकण मात्र बंद. ठिणगी गायब असेल तर तापल्यावर सोडून देणारी कॉइल आहे, इग्निशनची किंवा पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी, पल्सर गाडीशी संबंध नाही). थंड झाली की ती परत शहाण्यासारखी वागते, म्हणून गॅरेजात पोचेपर्यंत कुणाला सापडत नाही.

हिमालयन 411 घेतली आहे. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की रेस आपोआप वाढते. पार्किंगमधून काढताना गाडी पुढे उसळली, पडता पडता वाचले. आधीचे मालक सहा फुटी होते, मी पाच-तीन. याचा काही संबंध आहे का? — एक वाचक, म्हापसा

ताई, शंभर टक्के आहे. हँडलच्या क्लँपखाली एखादा ॲल्युमिनियमचा ठोकळा दिसतोय का बघा. त्याला रायझर म्हणतात. उंच माणसाला फुटरेस्टवर उभं राहून चालवता यावं म्हणून हँडल वर घेतात. हँडल वर गेलं, पण ॲक्सिलरेटरची केबल होती तेवढीच राहिली. वळवलं की ती ताणली जाते आणि रेस देते.

हे ठीक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. तुमच्या उंचीला रायझर नकोच, काढून टाका. काढताना एक गोष्ट सांभाळा: रायझरबरोबर लांब बोल्ट येतात. तेच परत लावले तर तळाला टेकतील आणि हँडल आवळल्यासारखं वाटेल, प्रत्यक्षात ढिलं राहील. मूळ मापाचे बोल्ट आणा. मग हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून बघा, रेस तसूभरही हलता कामा नये. मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी फिरकी हवी. त्याच वेळी ब्रेकचा होज आणि हेडलाइटमागच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, तेही बघून घ्या. आधीच्यांनी केबल कुठेतरी प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून ठेवली असेल तर ती पट्टी कापा.

डॉमिनार 400, 2018 ची. मागे मोठी टॉप बॉक्स. निपाणीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की नव्वदच्या वर गाडी डोलते. शिवाय साठवरून वेग कमी होताना हँडल थरथरतं. टायरची नक्षी भरपूर आहे. एका गॅरेजनं फोर्क बदलायला सांगितलंय. — वि. ज., पुणे

हे दोन वेगळे आजार आहेत आणि फोर्कचा, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या जोडीचा, नंबर दोन्हीकडे शेवटचा लागतो.

डोलणं आधी. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकते. तिच्यात जितकं वजन, तितकं पुढचं चाक हलकं, आणि वरून वाऱ्याचा मार आहेच. बॉक्स रिकामी करून, शक्य तर काढून, त्याच रस्त्यानं एकदा जाऊन या. डोलणं गेलं तर सामानाची वाटणी बदला: हत्यारं, पाणी, कुलपं खाली बाजूच्या बॅगांत, पुढच्या बाजूला सरकवून, आणि वर फक्त रेनकोट-जॅकेट. मोठ्या बॉक्समध्ये माणूस मोठं सामान भरतोच, त्याला इलाज नाही. बॉक्स काढूनही डोलली तर मागचा टायर बघा. हायवेवर सरळ सरळ चाललेला टायर मधून झिजून चपटा होतो, आम्ही त्याला चौकोनी टायर म्हणतो. त्यानंतर स्विंगआर्मचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं बुश: मागचं चाक अधांतरी करून स्विंगआर्म आडवा हलवा, खडखड जाणवली तर बुश गेलं.

आता थरथर. पुढचं चाक अधांतरी करा, फिटरकडच्या जॅकनं. हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर, सरळ रेषेत, काहीतरी अडकल्यासारखं, खाच लागल्यासारखं वाटतंय का? वर्षानुवर्षं हँडल सरळ ठेवून खड्डे खाल्ले की बेअरिंग त्या एकाच जागी खाच पाडतं. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. टक् टक् हललं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. ढिला असेल तर आवळून भागेल, खाच असेल तर बदलावाच लागतो, आवळून ती जात नाही.

आणि टायरची नक्षी भरपूर आहे यावर जाऊ नका. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. अनेकदा ते एकाच बाजूला असतात, तेव्हा दोन्हीकडे शोधा. तुमची गाडी 2018 ची आणि टायर पहिलेच असतील तर नक्षी राहिलीय ती रबर दगड झाल्यामुळे. अंगठ्याचं नख रुतवून बघा. पुढचा टायर नवा, चाक बॅलन्स आणि कोनसेट, या क्रमानं गेलात तर बहुतेक थरथर तिथेच संपेल.

थरथर तपासायला हँडल सोडून देण्याचा प्रयोग हायवेवर करू नका.

कराडहून घरी येताना हेळवाक सोडून पोफळीकडे उतरतो. कुंभार्ली घाटात अर्ध्यावर आलं की मागच्या ब्रेकचा पेडल मऊ पडून खाली जातो. खाली येऊन चहा प्यायलो की परत कडक! पॅड नवे आहेत. — म. सु., चिपळूण

चहानं काही होत नाही, तेवढ्या वेळात ब्रेक थंड होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट 4 या प्रकारचं ऑइल नवं असताना 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती हद्द 155 पर्यंत घसरते. घाटात डिस्क तापली की आत बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही पण बुडबुडा दाबला जातो, म्हणून पेडल मऊ. मागच्या ब्रेकच्या डबीतलं तेल चहाच्या रंगाचं दिसत असेल तर सगळं काढून सीलबंद बाटलीतलं नवं घाला आणि हवा काढून घ्या. दर दोन वर्षांनी बदलायचंच. टंकीवर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्यानं धुवा.

तेल बदलूनही तसंच झालं तर पेडलची खेळ बघा. आधीच्या मालकानं मोठे बूट घालायचे म्हणून पेडल खालीवर केला असेल आणि जरासुद्धा मोकळी खेळ ठेवली नसेल, तर पाय काढल्यावरही ब्रेक थोडा धरून राहतो आणि तापत जातो. सपाट रस्त्यावर थोडं चालवून, मागचा ब्रेक न लावता थांबा आणि डिस्कजवळ हात न्या, लावू नका. धग जाणवली तर ब्रेक धरलेला आहे.

आणि उतरताना पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. खालचा गिअर टाका, इंजिनला गाडी धरू दे, मुख्य काम पुढच्या ब्रेकवर, तेही दाब-सोड करत.

ॲव्हेंजर 220 पावसाळाभर अंगणात कव्हर टाकून होती. आता चालू होते पण चोकशिवाय चालू राहत नाही, रेस दिली की मिसिंग करते. पेट्रोल तेव्हाचंच आहे. — प्र. म्हा., अलिबाग

तेव्हाचंच आहे म्हणूनच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. तुमच्याकडच्या पावसाळ्यात आणखी काय होणार?

कार्ब्युरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो. इंजिन थंड असताना त्याखाली काचेची बाटली धरून तो ढिला करा. बाटली घटकाभर स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर फक्त वाटी साफ करून भागणार नाही, टंकी पूर्ण रिकामी करा. ते पेट्रोल बायकोच्या स्कूटरमध्ये ओतू नका. टंकीत टॉर्च मारून गंज बघा, पेट्रोल कॉकची जाळी काढून धुवा, मग पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक नळी, साफ करायला द्या. चोकशिवाय चालू राहत नाही याचा अर्थ तेच चोंदलंय. पुढच्या पावसाळ्यात टंकी काठोकाठ भरून ठेवा म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही, आणि गाडी उभी करताना कॉक बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या, वाटी कोरडी होते.